निव्वळ कर्जाचा रकाना : प्रकल्प नोंदी, पुणे

2 जून 2025

कामाची आखणी झाली. केंद्र सरकारच्या कर्जाचा 2004-05 पासूनचा वर्षवार तक्ता मराठीत करायचा, एमएच्या मुलांना थेट वापरता येईल असा. मुख्य रकाने दोनच: एकूण कर्ज (सरकारला द्यायचं ते सगळं) आणि निव्वळ कर्ज (त्यातून सरकारकडची रोकड, येणी वगैरे वजा करून उरतं ते). मॅडम म्हणाल्या, "पहिला रकाना कष्टाचा आहे, दुसरा भांडणाचा." माणसं चार: मॅडम, मी, एमएची एक विद्यार्थिनी आणि बार्शीहून आलेला एक विद्यार्थी. शिवाय कोथरूडचे निवृत्त लेखाधिकारी काका अधूनमधून येणार. त्यांनी आयुष्यभर सरकारी खाती पाहिली आहेत, त्यामुळे त्यांच्यापुढे कुठलाही आकडा बेधडक मांडायची सोय नाही.

सुरुवात अर्थसंकल्पाच्या रिसिट्स बजेटमधून, म्हणजे जमेच्या बाजूच्या पुस्तिकेतून. तिथे दायित्वांचं विवरणपत्र असतं आणि त्यात ढोबळ तीन कप्पे असतात. अंतर्गत कर्ज, म्हणजे बाजारातले रोखे, ट्रेझरी बिलं (सरकारचे अल्पमुदतीचे रोखे), अल्पबचत निधीला दिलेले विशेष रोखे वगैरे. मग परकीय कर्ज. तिसरा कप्पा लोकलेख्यातल्या देण्यांचा: सरकारी कर्मचाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी, अल्पबचत, राखीव निधी, ठेवी. पहिले दोन कप्पे राज्यघटनेच्या अनुच्छेद 292 प्रमाणे एकत्रित निधीच्या (सरकारच्या मुख्य खजिन्याच्या) तारणावर उभे आहेत. तिसऱ्यातला पैसा दुसऱ्यांचा, सरकारने सांभाळायला घेतलेला. काकांचं यावर एका वाक्यात मत: "सांभाळायला घेतलेले पैसे खर्चून टाकले की ते कर्जच."

5 जून

विद्यार्थिनीने चांगली खोच काढली. यंदाच्या अर्थसंकल्पात 2024-25 चं केंद्राचं कर्ज जीडीपीच्या 57.1 टक्के दिलं आहे. पण विवरणपत्रातली मार्च 2025 अखेरची एकूण देणी आहेत सुमारे 181.74 लाख कोटी रुपये, आणि त्याच कागदपत्रांत जीडीपी धरलाय 324.11 लाख कोटी. भागाकार करा, 56.1 येतात. एक टक्का गेला कुठे? रुपयांत हा फरक तीन लाख कोटींच्या वर जातो, म्हणजे पूर्णांक जुळवताना झालेली घट नव्हे.

उत्तराचा मोठा भाग परकीय कर्जात आहे. विवरणपत्रात ते पुस्तकी किमतीला असतं: कर्ज उचललं त्या वेळचा विनिमय दर. 57.1 टक्क्यांत ते चालू दराने मोजलेलं आहे. 2010 च्या सुमारास 45-46 रुपये दराने उचललेला डॉलर आज 85 च्या पुढे गेला आहे. फेडताना सरकारला आजच्या दरानेच रुपये मोजावे लागणार, तेव्हा आमच्या तक्त्यात चालू दर. पुस्तकी किंमत बाजूच्या रकान्यात ठेवू, कारण जुन्या लेखांतले आकडे त्याच मोजणीचे असतात आणि मुलं ते सर्रास एकत्र करतात.

9 जून

एफआरबीएम कायद्याची (सरकारच्या तुटीला आणि कर्जाला शिस्त लावणारा कायदा) 2018 ची दुरुस्ती पुन्हा वाचली. केंद्राच्या कर्जाची व्याख्या तिथे नीट बांधली आहे. एकत्रित निधीच्या तारणावरची देणी (परकीय कर्ज चालू दराने), अधिक लोकलेख्यातली देणी, अधिक सरकारी मालकीच्या किंवा नियंत्रणाखालच्या संस्थांची अशी कर्जं जी सरकार स्वतःच्या अर्थसंकल्पातून फेडणार आहे. आणि या सगळ्यातून त्या तारखेची रोख शिल्लक वजा.

शेवटच्या चार शब्दांकडे आजवर कुणी लक्ष वेधून दिलं नव्हतं. रोकड वजा म्हणजे आपल्या कायद्यातलं "कर्ज" मुळातच अर्धवट निव्वळ आहे. वर्तमानपत्रं त्याला एकूण कर्ज समजून छापतात आणि दुसऱ्या देशाच्या एकूण कर्जाशेजारी बसवतात. तक्त्यात कायद्याच्या व्याख्येला स्वतंत्र रकाना द्यावा लागणार. दोनाचे तीन झाले.

12 जून

अल्पबचतीचा गुंता, आज दिवसभर तोच. फळ्यावर असा मांडला.

बुधवार पेठेतल्या सिटी पोस्टात एका आजींनी 100 रुपये ठेवले. हे पैसे राष्ट्रीय अल्पबचत निधीत जातात. हा निधी 1 एप्रिल 1999 ला लोकलेख्यात काढला. आजींचं देणं 100, कप्पा तिसरा. निधीने त्या 100 रुपयांतून केंद्राचे विशेष रोखे घेतले. केंद्राचं अंतर्गत कर्ज 100, कप्पा पहिला. डोळे मिटून बेरीज केली तर 200. आजींना मात्र 100 च द्यायचे आहेत. म्हणून निधीने केंद्राच्या रोख्यांत गुंतवलेली रक्कम एका बाजूने काढावीच लागते.

निधीने तेच पैसे राज्याच्या रोख्यांत घातले असतील तर? तेव्हा आजींचं देणं केंद्राच्या डोक्यावर, वसुली राज्याकडून. केंद्राचं एकूण कर्ज 100, निव्वळ शून्य. केंद्र आणि राज्यं एकत्र धरली तर पुन्हा 100. फळ्यावर तीन उत्तरं आली आणि तिन्ही बरोबर. चौदाव्या वित्त आयोगानंतर, 2016 पासून, बहुतेक राज्यं या कर्जातून बाहेर पडली. दिल्ली, केरळ, मध्य प्रदेश, अरुणाचल राहिले. त्यामुळे हा कप्पा आता आटतोय. निधीने अन्न महामंडळालाही कर्ज दिलं होतं, अन्न अनुदानाचा खर्च त्या वाटेने अर्थसंकल्पाबाहेर राहिला होता. 2021 च्या अर्थसंकल्पाच्या वेळी ते अनुदान आत घेतलं गेलं. 2020-21 ची तूट एकदम फुगलेली दिसते, त्याला करोनाबरोबर हेही कारण आहे. तळटीप हवीच.

अमेरिकेत हाच प्रश्न "जनतेकडे असलेलं कर्ज" आणि "एकूण कर्ज" असा येतो. तिथल्या सामाजिक सुरक्षा निधीकडे सरकारचेच रोखे असतात. 36 ट्रिलियन डॉलरचा जो आकडा नोव्हेंबर 2024 पासून गाजला त्यात ते धरलेले आहेत. अर्थशास्त्री सहसा वगळतात, कर्जमर्यादेचा कायदा धरतो. दरवेळच्या त्या गोंधळात अर्धी चर्चा एका आकड्यावर होते आणि अर्धी दुसऱ्या.

20 जून

पालख्या शहरात. रस्ते बंद, चौघे घरूनच काम करतोय.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची (आयएमएफ) 2014 ची सरकारी वित्त सांख्यिकीची नियमपुस्तिका वाचली. एकूण कर्जात काय धरायचं: ठेवी, कर्जरोखे, कर्जं, विमा-पेन्शनची देणी, इतर देय रकमा, विशेष उचल हक्क (नाणेनिधीने सदस्य देशांना दिलेला राखीव साठा). शेअर आणि डेरिव्हेटिव्ह बाहेर. निव्वळ कर्ज काढताना याच जातीच्या वित्तीय मालमत्ता वजा करायच्या, सोनं मात्र चालतं. म्हणजे सरकारने दुसऱ्याला दिलेलं कर्ज वजा होतं, सरकारकडचे शेअर होत नाहीत. जमीन, रेल्वे, धरणं यांचा तर प्रश्नच नाही.

वाचायला हे अगदी सरळ. मग नमुन्यादाखल दोन व्यवहार लावून पाहिले.

पहिला, ऑक्टोबर 2017 ची सरकारी बँकांच्या भांडवलाची घोषणा. 2.11 लाख कोटींपैकी 1.35 लाख कोटी पुनर्भांडवल रोख्यांतून. आपल्या पुण्यातल्या बँक ऑफ महाराष्ट्रलाही त्यातून भांडवल मिळालं. सरकारने बँकेला रोखे दिले, बदल्यात शेअर घेतले. एकूण कर्ज वाढलं, आणि शेअर वजा होत नाहीत म्हणून निव्वळही तेवढंच वाढलं. पुढे शेअरचा भाव कितीही चढो, या रकान्याला खबर नाही.

दुसरा याच वर्षीचा. व्होडाफोन आयडियाकडून सरकारला स्पेक्ट्रमचे पैसे येणं होतं. त्यातल्या सुमारे 36,950 कोटींचे एप्रिलमध्ये शेअर झाले आणि सरकारचा वाटा 48.99 टक्क्यांवर गेला. त्याआधी 2023 मध्ये 16,133 कोटींचे असेच शेअर झाले होते. येणी रक्कम ही कर्जाच्या जातीची मालमत्ता, शेअर त्या जातीचा नाही. नाणेनिधीच्या पद्धतीने काटेकोर हिशेब ठेवला तर एक रुपयाही न हलता सरकारचं निव्वळ कर्ज वाढतं! बार्शीकर हसून म्हणाला, "मॅडम, मग येणी तशीच थकवलेली बरी." मॅडमनी उत्तर दिलं नाही, त्याच वाक्यावर त्याला निबंध लिहायला सांगितला.

आपले सरकारी हिशेब रोखीच्या पायावर असल्याने अशी येणी ताळेबंदात नीट दिसतच नाहीत, तो वेगळा विषय. या तक्त्यात नको.

26 जून

काका आले. रोख शिल्लक वजा करण्यावरून तासभर चर्चा.

मी म्हटलं, रोकड वजा करण्यात वाद कसला? काकांनी 2004 काढलं. त्या वर्षी एप्रिलपासून बाजार स्थिरीकरण योजना आली. परकीय चलनाचा ओघ वाढल्यावर रिझर्व्ह बँक डॉलर विकत घेई, त्यातून रुपये बाजारात पडत. ते शोषून घ्यायला सरकारच्या नावाने रोखे काढायचे, पण आलेला पैसा सरकारने खर्चायचा नाही, रिझर्व्ह बँकेतच वेगळ्या खात्यात बांधून ठेवायचा. मार्च 2008 अखेर हे रोखे सुमारे 1.68 लाख कोटींचे होते. एकूण कर्जात सगळे दिसतात. निव्वळ कर्जात शून्य, कारण समोर तेवढीच रोकड आहे. म्हणून 2007-08 चा एकूण आकडा पाहून त्या वर्षी सरकारने उधळपट्टी केली असं वाटतं, जी केलेली नव्हती.

गंमत पुढे आहे. जागतिक मंदीत, फेब्रुवारी 2009 मध्ये, रिझर्व्ह बँकेशी असलेला करार बदलला आणि बांधलेल्या पैशातला काही भाग सरकारच्या नेहमीच्या खात्यात वळवला. तो खर्च झाला. बाजारात नवा रोखा निघाला नाही, एकूण कर्ज जागचं हललं नाही, निव्वळ कर्ज मात्र वाढलं. त्या दोन वर्षांपुरता निव्वळचा रकाना एकूणपेक्षा खरं बोलतो. नोटाबंदीनंतर, डिसेंबर 2016 मध्ये, याच योजनेची मर्यादा 30,000 कोटींवरून थेट 6 लाख कोटींवर नेली होती, बँकांत साचलेला पैसा शोषायला.

अर्थ मंत्रालयाच्या सरकारी कर्जावरच्या स्थितिदर्शक अहवालात (पहिला 2010 चा) हे स्थिरीकरण रोखे आणि राज्यांकडे गेलेली अल्पबचत वगळून "समायोजित" कर्ज देतात. काका म्हणाले, "हे ना एकूण, ना निव्वळ. पण चारांत सर्वांत प्रामाणिक." तक्त्यात चौथा रकाना.

3 जुलै

सोन्याचे सरकारी रोखे. यावर ठरवल्यापेक्षा जास्त वेळ गेला, पण विषयच तसा आहे. नोव्हेंबर 2015 पासून फेब्रुवारी 2024 पर्यंत सुमारे 147 टन सोन्याइतके रोखे विकले, त्यातून 72,274 कोटी उभे राहिले. म्हणजे ग्रॅममागे सरासरी 4,918 रुपये. फेड मात्र त्या दिवशीच्या सोन्याच्या भावाने. पहिली मालिका 2,684 ला विकली होती, नोव्हेंबर 2023 मध्ये 6,132 ने फेडली, वर दरसाल व्याज. आज लक्ष्मी रोडवर शुद्ध सोनं साडेनऊ हजारांच्या वर आहे.

मग देणं किती लिहायचं? दर्शनी किंमत (विकतानाची) लिहिली तर ती नुसती शोभेची. परकीय कर्ज चालू दराने धरायचं असेल तर सोन्याचे रोखेही चालू भावाने धरले पाहिजेत, तर्क तोच. भावाचा धोका झेलायला लोकलेख्यात स्वर्ण राखीव निधी आहे, पण तो सरकारनेच सरकारसाठी ठेवलेला. त्याला मालमत्ता म्हटलं तर आजींचे 100 पुन्हा 200 होतील. ठरलं: चालू भाव, राखीव निधी वजा नाही.

8 जुलै

बार्शीकराचा प्रश्न: नाणेनिधी भारताचं कर्ज जीडीपीच्या 80 टक्क्यांवर दाखवतो, सरकार 57 सांगतं, कोण खोटं बोलतंय?

कुणीच नाही. 80 च्या वरचा आकडा केंद्र आणि राज्यं मिळून. एफआरबीएममध्येही दोन वेगळी लक्ष्यं होती, एकत्रित 60 आणि केंद्राचं 40, मार्च 2025 पर्यंत. दोन्ही हुकली, करोनाच्या आधीही रस्ता दूरच होता. नवं लक्ष्य केंद्रापुरतं आहे: मार्च 2031 पर्यंत 50 टक्के, एक टक्का इकडे-तिकडे.

बेरीज करताना आपापसातलं देणंघेणं काढायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. ते कुठे कुठे लपलंय हे शोधणं हेच खरं काम. राज्यांची शिल्लक रोकड आपोआप केंद्राच्या 14 दिवसांच्या ट्रेझरी बिलांत जाते; ते केंद्राचं कर्ज आणि राज्याची मालमत्ता. जीएसटी भरपाईसाठी केंद्राने 2020-21 मध्ये 1.10 लाख कोटी आणि 2021-22 मध्ये 1.59 लाख कोटी स्वतःच्या नावाने उचलून राज्यांना जसेच्या तसे दिले. हे केंद्राचं एकूण कर्ज वाढवतं, केंद्राचं निव्वळ नाही.

15 जुलै

निव्वळच्या रकान्याचं भांडण, मॅडमनी सांगितलं होतं तेच. मुद्दा राज्यांना दिलेल्या 50 वर्षांच्या बिनव्याजी कर्जांचा. भांडवली खर्चासाठी 2020-21 पासून ही योजना चालू आहे. यंदाची तरतूद 1.5 लाख कोटी. नाणेनिधीच्या नियमाने दिलेलं कर्ज दर्शनी किमतीला मालमत्तेत जातं, म्हणजे केंद्राने 1.5 लाख कोटी उचलून राज्यांना दिले तर निव्वळ कर्जात वाढ शून्य.

मी फळ्यावर हिशेब केला. 7 टक्के दर धरला तर 50 वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या 100 रुपयांची आजची किंमत साडेतीन रुपयेही भरत नाही. दरसाल 2 रुपयांच्या हप्त्याने आले तरी 28 च्या आत. तरी आपण पूर्ण 100 वजा करायचे? विद्यार्थिनी म्हणाली, नियम तसाच आहे, आणि आपण प्रत्येक मालमत्तेला आपल्या मनाची किंमत लावायला लागलो तर दुसऱ्या कुठल्या देशाशी तुलनाच उरणार नाही. तिचंही बरोबर आहे. काका म्हणाले, भाच्याला हातउसने दिलेले पैसे बायकोला हिशेब देताना शिल्लक म्हणून सांगतोस का? यावर मॅडमसुद्धा हसल्या.

माझं मत इथे पक्कं झालं. एकूण कर्ज करारांवरून ठरतं. कोणाला किती द्यायचंय हे कागदावर असतं. निव्वळ कर्ज ठरवताना कुठल्या येण्यावर विश्वास ठेवायचा हे मोजणाऱ्याला ठरवावं लागतं. ते कुणी ठरवलं हे न लिहिता निव्वळचा एकच आकडा छापणं मला मान्य नाही.

18 जुलै

पुणे मेट्रो घेतली, मुलांना रोज दिसणारं उदाहरण म्हणून. युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेचे 60 कोटी युरो आणि फ्रान्सच्या विकास संस्थेचे 24.5 कोटी युरो. कर्जदार भारत सरकार. पैसे पुढे महामेट्रोला, आणि महामेट्रो केंद्र-राज्याची निम्म्या-निम्म्या भागीदारीची कंपनी. केंद्राच्या परकीय कर्जात 84.5 कोटी युरो वाढले. 2019 मध्ये युरो 80 रुपयांच्या आसपास होता, आता शंभराला टेकलाय. सगळं 80 ने उचललं असं धरलं तर 6,760 कोटी, आजच्या दराने 8,450. समोर महामेट्रोकडून येणी. ती धरली तर निव्वळ जवळपास शून्य. प्रवासी भाड्यातून हे कर्ज फिटेल का, यावर प्रत्येकाचं उत्तर वेगळं आलं, आणि तेवढ्यासाठीच उदाहरण घेतलं होतं.

24 जुलै

परदेशांची एक छोटी जोडपट्टी. पटकन उरकली.

ब्रिटनमध्ये परकीय चलनाचा साठा सरकारच्या खात्यात असतो, त्यामुळे निव्वळ कर्जातून वजा होतो. आपल्याकडे तो रिझर्व्ह बँकेच्या ताळेबंदात आहे, सरकारच्या नाही. सरकारचं निव्वळ कर्ज काढताना तो वजा करायचा मोह अनेकांना होतो. करू नये, करायचा तर रिझर्व्ह बँकेची देणीही घ्यावी लागतील. ऑक्टोबर 2024 मध्ये ब्रिटनच्या अर्थमंत्र्यांनी नियमाचं मापच बदललं, निव्वळ कर्जाऐवजी निव्वळ वित्तीय देणी घेतली. त्यात विद्यार्थी कर्जासारखी येणीही वजा होतात. माप बदलताच गुंतवणुकीसाठी कर्ज घ्यायला जागा झाली.

कॅनडाचं एकूण कर्ज जीडीपीच्या शंभर टक्क्यांवर आणि निव्वळ अगदी थोडं दिसतं. तिथे पेन्शन निधीची मालमत्ता आत आहे आणि नाणेनिधीच्या तक्त्यात कॅनडाच्या निव्वळमध्ये शेअरही धरतात. पण त्याच निधीतून उद्या द्यायच्या पेन्शनी कर्जात नाहीत. आपल्याकडेही 2004 पूर्वी लागलेल्या कर्मचाऱ्यांच्या पेन्शनचं देणं कुठल्याच रकान्यात नाही. तिकडे बोट दाखवताना हे विसरू नये.

31 जुलै

अंतिम बैठक. निव्वळचा एक रकाना रद्द. त्याऐवजी एकूणपासून पायऱ्या उतरत जायचं: आधी फक्त रोकड वजा, मग राज्यांकडची अल्पबचत आणि आहे तशी पुढे दिलेली कर्जं, मग इतर सर्व दिलेली कर्जं. 50 वर्षांचं बिनव्याजी कर्ज शेवटच्या पायरीवर, दर्शनी किमतीला, शेजारी आजची किंमत. शेअर पायऱ्यांत नाहीत, खाली नुसती माहिती म्हणून. विद्यार्थिनीचा आग्रह होता की नाणेनिधीच्या व्याख्येची पायरी ठळक छापावी, तुलनेसाठी. मान्य केलं. काका सही करायला तयार आहेत, अट एकच: जिथे मार्चअखेरची रोख शिल्लक घेतली तिथे "वर्षअखेर" हा शब्द प्रत्येक पानावर हवा, कारण त्या एका दिवशी तिजोरीत काय दिसतं याला आदल्या पंधरवड्यातले व्यवहार कारण असतात.

2024-25 च्या ओळीत सुधारित अंदाज आहेत. प्रत्यक्ष आकडे फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात येतील. ती ओळ तोवर पिवळी.